नाताळाखेरीजचे तीनशे चौसष्ट दिवस

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मराठवाड्यातील वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक छायाचित्र हमखास प्रसिद्ध होते. चर्चवरील रोषणाई, गव्हाणीत ठेवलेला बाळ येशू, मेणबत्त्या हाती धरलेल्या शाळकरी मुली आणि खाली दोन ओळींचा मजकूर : नाताळ उत्साहात साजरा. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज राहतो हे पुष्कळ वाचकांना कळते ते या दोन ओळींमुळे. २६ डिसेंबरला हा समाज वृत्तपत्रातून नाहीसा होतो आणि पुढील वर्षी त्याच आठवड्यात, बहुधा त्याच मजकुरासह, पुन्हा प्रकट होतो.

या दोन ओळी छापणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. जेथे एखाद्या समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी असतात, तेथे बातमीदाराचे पाऊल सणासुदीलाच त्यांच्याकडे वळते. परंतु वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ही माणसे काय करतात, कोणत्या अडचणींतून जातात, त्यांच्या धर्मसंस्थेत काय घडते आणि काय घडत नाही, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. तो प्रश्न त्या समाजाइतकाच त्याच्या शेजाऱ्यांचाही आहे. विशेषतः ज्यांच्या हाती नोंदवही आणि लेखणी असते अशा शिक्षकांचा व कारकुनांचा.

आठ जिल्ह्यांचा धर्मप्रांत

कॅथलिक चर्चच्या रचनेत 'धर्मप्रांत' हा मूळ घटक मानला जातो. बिशपच्या हाती सोपविलेला श्रद्धावंतांचा समुदाय, अशी त्याची व्याख्या १९८३ च्या चर्चच्या विधिसंहितेत आहे. जमिनीच्या तुकड्याआधी माणसांचा विचार करणारी ही व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हिंगोली जिल्हा ज्या धर्मप्रांतात मोडतो तो औरंगाबाद या नावाने १७ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झाला. डॉमिनिक अब्रेओ हे त्याचे पहिले बिशप. त्यापूर्वी हा मुलूख अमरावती धर्मप्रांताकडे होता आणि अमरावतीही १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळी झालेली. आज मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून हा एकच धर्मप्रांत आहे. विस्तार साठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. कॅथलिकांची संख्या मात्र काही हजारांच्या घरातली. मुंबईच्या एखाद्या उपनगरातील दोन-तीन धर्मग्रामांत जेवढी माणसे असतील तेवढी येथे आठ जिल्ह्यांत विखुरलेली आहेत.

मराठवाड्यात कॅथलिक धर्मकार्याचा पाया घातला तो फ्रान्समधील सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरी संघाने. या संघाचे फादर गुरियन जॅकीये हे १८९२ च्या सुमारास आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील घोगरगाव येथे आले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याच परिसरात राहिले. गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतून त्यांचे काम चालले आणि लोकांनी त्यांना 'गुरियनबाबा' हे आपल्या बोलीतले नाव दिले. मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची मुळे अशा वस्त्यांत आहेत हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या आजच्या प्रश्नांचा उलगडा होत नाही.

हिंगोलीची गोष्ट थोडी वेगळी. निजामाच्या राज्यात हे गाव 'हैदराबाद कंटिंजंट' या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे ठाणे होते. ख्रिस्ती माणसाची येथील पहिली ओळख त्यामुळे लाल डगल्याशी आणि साहेबाच्या बंगल्याशी जोडली गेली. पुढे फौज गेली, १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला; पण ख्रिस्ती म्हणजे बाहेरचा ही समजूत मागे रेंगाळत राहिली. वास्तविक ज्याला बाहेरचा म्हणायचे तो शेजारच्याच गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला असतो. त्याची भाषा तीच, शेतीची कामे तीच, पाण्याच्या टँकरपुढील रांग तीच.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ख्रिस्ती म्हटला की तो एकाच पंथाचा, असे धरून चालण्याची सवय आहे. शेजारच्या वाशीमचे रेनॉल्ड्स रुग्णालय नाझरीन मिशनचे. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात बेथेल ही वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे. हे दोन्ही प्रॉटेस्टंट परंपरेतले. कॅथलिकांची व्यवस्था यांहून निराळी. त्यांचा धर्मगुरू अविवाहित असतो, त्याची नेमणूक बिशप करतो, आणि बिशपची नेमणूक रोमहून होते. व्यवस्था निराळी म्हणून बातमीचा मार्गही निराळा.

वरून खाली येणारे वृत्त

हा मार्ग समजून घेण्यासारखा आहे. बिशपने दरवर्षी धर्मप्रांताच्या काही भागाला भेट द्यावी आणि पाच वर्षांत संपूर्ण धर्मप्रांत फिरून पुरा करावा, असे विधिसंहिता सांगते. दर पाच वर्षांनी धर्मप्रांताच्या स्थितीचा अहवाल पोपकडे पाठवावा लागतो. प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृत्यूची स्वतंत्र नोंदवही असावी असा दंडक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोरच त्या व्यक्तीचे दृढीकरण व विवाह यांचीही नोंद होते. म्हणजे माणूस कोठेही गेला तरी त्याचा धार्मिक वृत्तांत जन्मगावच्या वहीत परत येतो. नोंदीच्या बाबतीत इतकी काटेकोर संस्था विरळाच.

परंतु नोंद आणि बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मप्रांताचे वृत्त म्हणून जे प्रसिद्ध होते त्यात बिशपांचा दौरा, धर्मगुरूंच्या बदल्या, गुरुदीक्षेचा समारंभ, चर्चचा वर्धापनदिन, मतमाउलीचा सण, धर्मभगिनींच्या शाळेचा निकाल हे विषय प्रामुख्याने असतात. ते असावेतच. हिंगोलीच्या एखाद्या कुटुंबाला आपल्या धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण दोनशे किलोमीटरांहून दूर आहे; तेथे नवे काय घडले हे कळण्याचा त्याला हक्क आहे. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूची. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या बाजूला एखाद्या खेड्यात असलेल्या एकुलत्या एक कॅथलिक घराची बातमी मुख्य ठिकाणी पोचते का? त्या घरातील मुलगी बारावीनंतर घरी का बसली, म्हातारा गेल्यावर त्याला पुरायला जागा मिळताना काय खटपट झाली, महिन्यातून एकदा येणारा धर्मगुरू पावसाळ्यात पोचू शकला की नाही, हे वृत्त कोणत्या वहीत लिहिले जाते?

येथे 'मास्तर' या माणसाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अहमदनगरपासून मराठवाड्यापर्यंत जुन्या मिशनच्या गावांत धर्मशिक्षकाला मास्तर म्हणत. धर्मगुरू पाच-पंचवीस गावांचा. मास्तर एका गावाचा. तो मुलांना प्रार्थना शिकवी, अर्ज लिहून देई, भांडणे मिटवी, आजाऱ्याची खबर धर्मगुरूकडे पोचवी आणि धर्मगुरूचा निरोप घरोघर सांगे. खालून वर जाणारी बातमी त्याच्या सायकलवरून जात असे. हे पद बहुतेक ठिकाणी क्षीण झाले, सायकलीची जागा भ्रमणध्वनीने घेतली. पण भ्रमणध्वनीवरील गटात येतात त्या शुभेच्छा आणि फुलांची चित्रे. मास्तर जे पाहत होता ते पाहणारा डोळा त्या यंत्राला नाही.

दोन पंचांगे

या उणिवेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. मराठवाड्यातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक अशा दूरच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. या स्थलांतरात सर्व धर्मांची व अनेक जातींची माणसे असतात. परंतु ज्या समाजाची मुळे भूमिहीनांच्या वस्तीत आहेत त्याच्या धार्मिक जीवनावर या हंगामाचा काय परिणाम होत असेल, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

चर्चचे वर्ष सुरू होते ते नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येणाऱ्या आगमनकाळाने. त्यानंतर नाताळ. फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये राखेचा बुधवार येतो आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवडा आणि पुनरुत्थानाचा सण हे मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत केव्हाही येतात. म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील अत्यंत महत्त्वाचे दिवस आणि मजुराच्या पंचांगातील ऊसाचा हंगाम हे जवळजवळ पूर्णपणे एकमेकांवर पडतात. ज्या रात्री गावच्या चर्चमध्ये घंटा वाजते त्या रात्री त्या गावचे एखादे ख्रिस्ती जोडपे शेकडो कोसांवरील फडात पाचटाच्या खोपटात थंडी काढीत असण्याचा संभव असतो. पहाटे उठून मोळ्या बांधायच्या असतात. सण त्यांच्यापुरता पंचांगातच राहतो.

मग आपल्या दोन ओळींच्या बातमीचे काय होते? चर्चमध्ये जमलेल्यांचा उत्साह खराच असतो. पण जे जमू शकले नाहीत त्यांची बातमी त्यात नसते. धर्मप्रांताने आपल्या माणसांची व्याख्या भूप्रदेशाऐवजी समुदायावरून केली असेल, तर फडावर गेलेला माणूस त्या धर्मप्रांताच्या बाहेर गेला असे मानता येत नाही. कारखाना ज्या धर्मप्रांताच्या हद्दीत असेल, मग तो पुण्याचा असो की नाशिकचा, त्याला येथून आगाऊ कळविणे, फडाजवळच्या धर्मगुरूने एक सायंकाळ त्या खोपटांकडे वळणे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची व मुलांची विचारपूस होणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. त्यांना लागते ती बातमी : कोण, कोठे, केव्हा गेले याची साधी यादी.

दोन नोंदवह्या

दुसरा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. भारताच्या राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजण्यास मनाई केली. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी हा परिच्छेद सैल करण्यात आला. ख्रिस्ती व मुसलमान यांच्यासाठी तो तसाच राहिला. जातीच्या दाखल्याचे काम करणाऱ्या महाराष्ट्रातील प्रत्येक कारकुनाला १० ऑगस्ट १९५० ही तारीख तोंडपाठ असते, कारण त्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा तो अर्जदाराकडे मागतो. त्याच तारखेने एका समाजाच्या तीन पिढ्यांचे भवितव्य ठरविले, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

मराठवाड्याच्या एखाद्या जुन्या वस्तीत याचा अर्थ काय होतो ते पाहावे. एकाच आजोबांचे दोन नातू. एकाच्या घराने १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धर्म स्वीकारला. दुसऱ्याचे घर त्याआधीच मिशनच्या छायेत आलेले. घरे एका भिंतीची, गावकीतली वागणूक एकसारखी. पहिल्या घराला हक्कासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. राज्याच्या सवलती महाराष्ट्र स्थापन झाल्यावर मिळाल्या, केंद्राच्या यादीसाठी १९९० उजाडावे लागले. दुसऱ्याला राज्यात इतर मागासवर्गाच्या यादीतून काही सवलती मिळतात. परंतु अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्त्या, राखीव मतदारसंघ, ग्रामपंचायतीतील राखीव जागा, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण यांपैकी काहीच त्याला लागू होत नाही. गावाने त्याची जात विसरली असती तर गोष्ट वेगळी होती. ती विसरण्याइतके गाव उदार झालेले नाही.

यातून दोन नोंदवह्यांचे आयुष्य जन्माला येते. चर्चच्या वहीत मुलाचे नाव एका संताचे. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत तेच मूल वेगळ्या नावाने आणि वेगळ्या धर्माने. कोणी याला लबाडी म्हणतो, कोणी धर्माशी प्रतारणा. दोन्ही शेरे दुरून मारलेले असतात. ज्या बापाला पोराच्या शिक्षणाची फी आणि पोराच्या श्रद्धेचे नाव यांतून एक निवडायला सांगितले जाते, त्याच्यापुढील पेच या शेऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. कायदा पाळावा हे खरेच. खोट्या नोंदीचे समर्थन करता येणार नाही. पण जो कायदा माणसाला स्वतःचे नाव लपविण्याच्या मोहात पाडतो त्याची फेरतपासणी झाली पाहिजे, असे म्हणणे वावगे ठरू नये. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेद रद्द करण्याची शिफारस केली होती. २००४ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर आणखी एक आयोग नेमला. एवढ्या वर्षांत शाळेत नाव घातलेली मुले नोकरीच्या वयाची होऊन गेली.

या प्रश्नाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. ख्रिस्ती धर्मात जातिभेद नाही असा दावा असेल तर जातीच्या आधाराने सवलत कशी मागता, असे ते विचारतात. आधीच्या लाभार्थींच्या वाट्याला कात्री लागेल ही भीतीही अनाठायी नाही. पहिल्या आक्षेपाचे प्रामाणिक उत्तर चर्चनेच दिले आहे. भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि अस्पृश्यतेचे वर्तन चर्चच्या आतही आढळते अशी कबुली दिली. धर्मग्रंथात जात नसणे आणि समाजात जात नसणे यांत महदंतर आहे. अन्यथा शीख व बौद्ध यांना दिलेल्या सवलतीचेही समर्थन करता आले नसते. दुसऱ्या भीतीवर उपाय म्हणजे वाटा वाढविणे. तो वाटेकरी नाकारून साधत नाही.

परंतु ही कबुली देऊन चर्चची जबाबदारी संपत नाही. हे धोरण मराठीत, साध्या शब्दांत, सेनगावच्या किंवा वसमतच्या एखाद्या कॅथलिक घरापर्यंत कितपत पोचले, हा प्रश्न उरतोच. जे धोरण ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ठाऊक नसेल, ते त्यांच्यापुरते कागदावरच राहते.

जनगणनेचा कागद

या सर्व गोष्टी एका बिंदूवर येऊन मिळतात. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे, आणि या गणनेत सर्व जातींची नोंद करण्याचे ठरले आहे. यापूर्वीची गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली होती. तीत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी भरली. त्यातील मोठा भाग मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातला. ११ लाख ७७ हजार लोकसंख्येच्या हिंगोली जिल्ह्यात हा समाज किती अल्प असेल याची कल्पना त्यावरून यावी.

फेब्रुवारी हा ऊसतोडणीचा ऐन महिना. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो. प्रगणकाने दार ठोठवावे आणि घराला कुलूप असावे, अशी शक्यता या काळात सर्वाधिक. दार उघडलेच तर पुढचा प्रश्न धर्माच्या रकान्याचा. विचारणारा प्रगणक बहुधा गावच्याच शाळेचा शिक्षक असतो. त्याच्याच शाळेच्या वहीत त्या घरातील मुलाचा धर्म आधी लिहिलेला असतो. उत्तर देणारी बाई त्या शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. त्या एका क्षणात १९५० चा आदेश, मुलाची शिष्यवृत्ती, शेजाऱ्यांचे कान आणि तिच्या गळ्यातील जपमाळ हे सारे एकदम उपस्थित असते.

प्रगणकाचे कर्तव्य स्पष्ट आहे. माणूस सांगेल तो धर्म लिहावा. सुचवू नये, सुधारू नये, भुवया उंचावू नयेत. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने गुप्त राहते आणि ती पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम अशा घरी आधी समजावून सांगण्याची माणुसकी दाखविली तर त्या बाईचा अर्धा धाक कमी होईल. धर्मप्रांतानेही एवढे करावे की जी कुटुंबे फडावर असतील त्यांची गणना तेथे होते की नाही हे पाहावे, आणि खरे उत्तर देण्याचे परिणाम काय व काय नाहीत हे लोकांना आधी सांगावे. त्यांनी काय उत्तर द्यावे हे मात्र सांगू नये. तो निर्णय त्या घराचा.

भाषा आणि बातमी

४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. पहिल्याने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. म्हणून लॅटिनच्या जागी मराठीत मिस्सा होऊ लागली. दुसरा होता वृत्तपत्रादी संपर्कमाध्यमांविषयीचा. भाषा आणि बातमी यांचा विचार एकाच दिवशी व्हावा हा योगायोग असेल; परंतु त्यांचे नाते मात्र योगायोगाचे नाही. ज्या भाषेत माणूस प्रार्थना करतो त्याच भाषेत त्याचे सुखदुःख छापले गेले, तरच त्याला संस्था आपली वाटते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला या बाबतीत समृद्ध परंपरा आहे. प्रॉटेस्टंटांचा 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचा. कॅथलिकांचा 'निरोप्या' १९०३ मध्ये जर्मन येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी सुरू केला. वसईच्या 'सुवार्ता'ने धर्माच्या चौकटीबाहेर येऊन पर्यावरणापासून साहित्यापर्यंत अनेक विषयांना हात घातला. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवर धर्माच्या कारणावरून काहींनी आक्षेप घेतले. संमेलन मराठवाड्याच्याच भूमीवर पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. वसईचा कॅथलिक मराठीत बोलतो हे त्यांच्यामुळे महाराष्ट्राला कळले. मराठवाड्याचा कॅथलिक मराठीतच जगतो हे सांगणारा मात्र अजून पुढे यायचा आहे.

हा पुढे येणारा माणूस धर्मगुरू असण्याची गरज नाही. धर्मगुरू व धर्मभगिनी पुष्कळदा केरळ, कर्नाटक किंवा गोव्यातून येतात; ते मराठी शिकतात, मनापासून सेवा करतात, पण बदली झाली की जातात. गाव जाणणारा प्रापंचिकच गावाचे वृत्त लिहू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या प्रत्येक धर्मप्रांतात सामान्य श्रद्धावंतांचे म्हणणे ऐकण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो २०२४ च्या रोममधील परिषदेपर्यंत चालला. ऐकणे हा एकदाचा समारंभ नसून कायमचा रिवाज असावा, हेच त्याचे सूत्र होते. हिंगोली जिल्ह्यात त्याचा अर्थ साधा आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांत प्रत्येकी एकाने महिन्याकाठी एक पान लिहावे : कोण जन्मले, कोण गेले, कोण फडावर गेले, कोण परत आले, कोणाचे शिक्षण अडले, कोणाचा दाखला रखडला. ही पाच पाने मुख्य ठिकाणी जावीत आणि त्यांचे उत्तर परत यावे. जुन्या मास्तरांचे काम याहून वेगळे नव्हते.

जिल्ह्यातील वृत्तपत्रांनीही आपल्या वाट्याचे पाऊल उचलावे. या जिल्ह्याला ते अवघड वाटू नये. नर्सीचे नामदेव विठ्ठलाचे नाव घेत पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, आणि त्यामुळे नर्सीचा मान वाढलाच. एका धर्माच्या संताची वाणी दुसऱ्या धर्माने सांभाळावी याचा अभिमान मिरविणाऱ्या भूमीला, आपल्याच गल्लीतील शेजाऱ्याची खबर वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा घेणे जड जाऊ नये.

पुढील २५ डिसेंबरला गव्हाणीचे छायाचित्र अवश्य छापले जावे. त्या गव्हाणीची मूळ कथाही, योगायोग असा की, एका जनगणनेचीच आहे. राजाज्ञेनुसार नाव नोंदविण्यासाठी दूरच्या गावी निघालेले एक श्रमिक जोडपे, त्याला कोठे जागा मिळाली नाही आणि मूल गोठ्यात जन्मले, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. देखावा मांडणाऱ्या मुलींना ती कथा ठाऊक असते. नोंदवही हाती असणाऱ्यांनीही ती ध्यानात ठेवावी, एवढीच अपेक्षा.